पाच आयतींची शिकवणी

घरात कोणाची मयत नाही, सुतक नाही, आणि गंगाधर तावडे बहात्तराव्या वर्षी मिशी सफाचट करून आला, तेव्हा त्याच्या बायकोने, बकुळाने, आधी गॅस बंद केला. तव्यावरची पोळी करपली तर करपली. पन्नास वर्षं ओठांवर बसलेली, पिकली तरी झुपकेदार राहिलेली मिशी, आणि तिच्या जागी आता पांढराफटक, कोवळा, बाळसेदार ओठ.

“अवो, मिशी खंय गेली?”

“काढली. उन्हाळा आहे.”

“उन्हाळो काय ह्या वर्साकच इलो?”

गंगाधरने ताट पुढे ओढलं. जेवला, हात धुतले आणि भर दोनच्या उन्हात, तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटत, चपला घालून बाहेर पडला. सलग नववा दिवस होता. बकुळाने खिडकीतून पाहिलं, तो चक्क ठेक्यात चालत होता. एवढ्यावरून कोणत्याही बायकोने जे समजायचं तेच तिने समजलं.

खरी गोष्ट वेगळी होती आणि ती कोणालाही सांगायची नाही, अशी शपथ गंगाधरने घेतली होती. शपथ घालणारा उस्मान परकार. गंगाधरचा घोडपदेवच्या म्युनिसिपालटीच्या शाळेपासूनचा दोस्त, तिसरी ‘ब’मधला बाकावरचा शेजारी, पुढे गिरणीत साचेखात्यात तीस वर्षं विणकर. नऊ दिवसांपूर्वी तो रेशनच्या दुकानासमोरच्या कट्ट्यावर गंगाधरच्या शेजारी येऊन बसला आणि म्हणाला, “गंग्या, माज्या इज्जतीचा सवाल हाय.”

हे वाक्य गंगाधरने आयुष्यात शंभर वेळा ऐकलं होतं, त्यातल्या नव्वद वेळा कॅरमच्या राणीवरून. म्हणून त्याने शेंगदाणे खाणं थांबवलं नाही.

“मला कुराणशरीफ वाचता येत नाय.”

आता मात्र शेंगदाणा हातातच राहिला. कारण उस्मान रोज पहाटे नमाजनंतर अर्धा तास कुराण घेऊन बसतो, हे घोडपदेवमध्ये कोणाला ठाऊक नव्हतं? चाळीतले लोक आपल्या पोरांना त्याचं उदाहरण द्यायचे. गंगाधरने स्वतः आपल्या नातवाला दिलं होतं.

“मग रोज बसतोस ते?”

उस्मानने सांगितलं ते असं. गावच्या मदरशात तो तीन दिवस गेला. चौथ्या दिवशी मौलवींच्या छडीला भिऊन काजूच्या झाडावर चढला, संध्याकाळपर्यंत उतरलाच नाही, आणि आठवड्याभरात मामाने त्याला मुंबईला आणून मराठी शाळेत घातला. नमाजापुरतं चार ठिकाणचं थोडंथोडं मामाच्या बाजूला उभं राहून ऐकून पाठ केलं, तेवढ्यावर आजवर निभावलं. मग लग्न झालं. बायको हलिमा, वाचनात तयार. कुराण तिनेच माहेराहून आणलेलं. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी पहाटे तिने ते लाकडी घडवंचीवर उघडून नवऱ्यापुढे ठेवलं आणि चहा टाकायला गेली.

“नवी नवरी. तिला काय सांगू? बोट ठेवलं ओळीवर आणि जे पाठ होतं ते पुटपुटलो.”

“आणि मग?”

“मग काय, बेचाळीस वर्षं झाली.”

गंगाधर मुद्रितशोधक. गिरगावातल्या एका छापखान्यात त्याने अडतीस वर्षं प्रुफं तपासली होती. गोष्ट कितीही दुःखाची असो, तिच्यातली सुटलेली जागा त्याला आधी दिसायची. “पण पानं कशी उलटतात? एकाच पानावर बेचाळीस वर्षं?”

“रिबीन असते ना आतमधी, खुणेची. ती असेल तिथं उघडतो, बसतो, बंद करतो.”

“आणि रिबीन पुढे कशी सरकते?”

“सरकते. मीच सरकवत असणार, अजून कोण?”

गंगाधरला हे पटलं नाही, पण उस्मानचे डोळे भरून आले होते, म्हणून त्याने शंका गिळली.

आता अडचण अशी आली होती की उस्मानची नात सुमैया चार वर्षं, चार महिने, चार दिवसांची होणार होती. त्या दिवशी मुलाला पहिला धडा देतात, बिस्मिल्ला करतात. मोठ्या माणसाने कुराणातल्या ठरलेल्या पाच आयती, म्हणजे पाच वचनं, एकेक करून म्हणायच्या आणि मुलाने मागून म्हणायच्या. मुलगा कुवेतला, सून रुबीना हौशी. ती म्हणाली, मौलानांना दुवेसाठी बोलवू, पण धडा दादाच देतील. दादा रोज वाचतात, त्यांच्यासारखं कोण देणार? हलिमाने मान डोलावली. बारा दिवसांनी कार्यक्रम, पन्नास पाहुणे, बिर्याणीची ऑर्डर गेलेली.

“आणि त्या पाच आयतींतला पहिलाच शब्द काय हाय म्हायताय?” उस्मानचा आवाज फाटला. “‘वाच.’ त्याचा मतलबच ‘वाच’. मी तिला सांगणार वाच म्हणून. मी!”

मशिदीत जाऊन विचारायची सोय नव्हती. तिथे तो पहिल्या ओळीत बसायचा. मोबाइलवर ऐकावं, तर साच्यांच्या खडखडाटात कान कधीच गेलेले. आवाज मोठा करून ठेवला की अख्खा मजला ऐकणार, आणि कानातलं यंत्र मोबाइल जवळ नेताच शिट्टी मारायचं. शेवटी तो भेंडीबाजारात पुस्तकं विकणाऱ्याकडे गेला. दुकानदाराने विचारलं, कोणासाठी? लाजेपायी तोंडातून निघालं, “फॉरेनचे पाहुणे आहेत.” दुकानदाराने अरबी आयती इंग्रजी अक्षरांत छापलेली पुस्तिका काढून दिली. उस्मानचं इंग्रजी गिरणीच्या पाटीपुरतं. पण आपल्याकडे गंग्या आहे, एवढा एकच विचार करून त्याने ती शर्टाच्या आत घातली आणि घर गाठलं.

गंगाधरने पुस्तिका हातात घेतली आणि त्याची छाती दोन बोटं फुगली. “ह्यात काय आहे! डॉक्टरांची जाडी जाडी पुस्तकं तपासली मी. जहाजांच्या विम्याचे करार तपासले. एका शब्दाचा अर्थ कळत नव्हता. अर्थ कळला ना उस्म्या, की लक्ष उडतं. आपला संबंध अक्षराशी.”

जागेचा प्रश्न गंगाधरने सोडवला. घोडपदेवच्या उत्सव मंडळाचा तो जुना चिटणीस. मंडळाच्या कचेरीची किल्ली त्याच्याकडेच. गणपतीच्या मीटिंगा सुरू होईपर्यंत तिकडे कोणी फिरकत नसे. गेल्या वर्षीच्या थर्माकोलच्या खांबांमध्ये दोन खुर्च्या मांडल्या. उस्मानने बाहेरच्या नळावर वुजू केलं. ते बघून गंगाधरनेही हातपाय धुतले. आपणच पारोसे बसावं हे त्याला बरं वाटेना.

पहिल्याच दिवशी भांडण झालं. गंगाधरने सवयीने कानावरची लाल पेन्सिल काढली आणि पहिल्या ओळीत तीन खुणा करायला निघाला. उस्मानने पुस्तिका हिसकावली.

“येडा झालास? ह्याला पेन्सिल लावायची नाय.”

“अरे, अक्षरांखाली शाईचे डाग पडलेत. छापणाऱ्याचा आळस, दुसरं काय.”

“चौदाशे वर्षांत एक अक्षर हललं नाय ह्यातलं.”

“एकपण दुरुस्ती नाही?”

“एकपण नाय.”

गंगाधरने उस्मानच्या हातातल्या पुस्तिकेकडे पुन्हा पाहिलं. अडतीस वर्षांत एकही फर्मा त्याने बिनचूक पाहिला नव्हता. त्याने पेन्सिल खिशात घातली, आणि ती तिथेच राहिली.

डाग नेहमी ठरावीक अक्षरांखालीच पडतात, हे त्याच्या तिसऱ्या दिवशी लक्षात आलं. म्हणजे डाग नव्हते. ते उच्चार दाखवणारे ठिपके होते. गंगाधर म्हणायचा ‘ह’, आणि उस्मान डोकं हलवायचा, कारण नमाजातलं जे पाठ होतं त्यातून कुठला आवाज घशातून यायचा हे त्याच्या जिभेला ठाऊक होतं. “खालून काढ. घशातून. काच पुसायच्या आधी हाफ् करतोस ना, तसा.” मग गंगाधर हाफ् करायचा. एकाला अक्षर कळत होतं, दुसऱ्याला आवाज. दोघं मिळून एक धड वाचक होत होता.

पण उस्मानला ऐकू येईना. साचेखात्यात एकमेकांचं बोलणं कानांनी कोणी ऐकतच नसे. विणकर समोरच्याचे ओठ बघून बोलणं ओळखायचे. तीच त्याची सवय. आणि गंगाधरचे ओठ होते मिशीच्या आत.

“काढ ती,” आठव्या दिवशी उस्मान म्हणाला.

“काय?”

“मिशी. मला पडद्यामागून शिकवतोयस तू.”

गंगाधरने त्या दिवशी दोस्तीला शिव्या घातल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी न्हाव्याकडे गेला.

ओठ दिसू लागले तरी पाठांतर काही होईना. दुसरी आयत चढली की पहिली उतरायची. देवनागरीत लिहून दिलं असतं, पण घरी कागद नेणं धोक्याचं. रुबीना धुण्याआधी सगळ्यांचे खिसे तपासायची, त्यातून उस्मानच्या विड्या दोनदा पकडलेल्या. जे काही व्हायचं ते डोक्यातच व्हायला हवं. तीन दिवस उरले. उस्मान कपाळाला हात लावून म्हणाला, “मी गावाला जातो. सांग, मेला.”

गंगाधरला अचानक तिसरी ‘ब’ आठवली. “उस्म्या, तू गणितात किती वेळा नापास झालास?”

“आता ते कशाला?”

“पण पाढे? पाढे येत होते तुला. गुरुजी तुला वर्गापुढे उभा करायचे. एकोणतीसचा येतो अजून?”

उस्मानने डोळे मिटले, हात मांडीवर पडला आणि साठ-बासष्ट वर्षांमागून गाडी सुटली: “एकोणतीस एके एकोणतीस, एकोणतीस दुणे अठ्ठावन्न, एकोणतीस त्रिक सत्त्याऐंशी...” कुठे अडखळणं नाही, श्वास घेणं नाही.

“असंच,” गंगाधर ओरडला. “हाच ठेका धर. मांडीवर हात मार आणि म्हण.”

दोन दुपारींत पाचही आयती पाठ झाल्या. एक अक्षर सुटलं नाही, एक ठिपका सांडला नाही. दुसऱ्या दुपारी दोघं समोरासमोर बसून, मांड्यांवर हात मारत, एका सुरात म्हणत असताना कचेरीचं दार धाडकन उघडलं. दारात बकुळा. तिने आत एक पाऊल टाकलं, थर्माकोलच्या खांबांमागे कोणी बाई आहे का ते पाहिलं, दोन्ही म्हाताऱ्यांकडे पाहिलं.

“पाढे म्हणतास?” ती म्हणाली. “ह्या वयात?”

“तुला काय कळतंय त्यातलं,” गंगाधर गुरगुरला.

“माका कळान काय करूचा हा? म्हणा, म्हणा. बाईमाणूस नाय मां, झाला तर.” आणि जाता जाता तिने दार अलगद ओढून घेतलं. संध्याकाळी घरी घावणे होते, नारळाच्या रसाबरोबर.

“बघितलंस?” गंगाधर उस्मानला म्हणाला. “लोकांना अरबीतला आणि पाढ्यांतला फरक कळत नाही.” दोघं खूप हसले.

कार्यक्रमाच्या दिवशी उस्मानच्या दोन खोल्यांत पाय ठेवायला जागा नव्हती. बाहेर गॅलरीत चपलांचा ढीग, आत अत्तर आणि बिर्याणी. मधोमध सतरंजीवर नवा झगमगता पोशाख घालून सुमैया बसलेली, कपाळावरची झालर सारखी फुंकरीने उडवत. समोर घडवंचीवर कुराणशरीफ, आतून हिरवी रिबीन बाहेर डोकावत होती. एका बाजूला मौलाना, चष्मा लावलेला तरुण माणूस. ठरल्याप्रमाणे गंगाधर उस्मानच्या बरोबर समोर बसला, वरचा ओठ चकचकीत भादरलेला. उस्मान चुकला की त्याने नुसते ओठ हलवायचे.

उस्मानने पोरीकडे पाहिलं, बिस्मिल्ला केलं, डोळे मिटले, आणि त्याचा उजवा हात आपसूक मांडीवर पडला.

पहिली आयत खणखणीत आली. गंगाधरच्या ओठांना काही कामच उरलं नाही. तो ऐकत होता, अभिमानाने ऐकत होता, आणि दुसऱ्या क्षणी त्याला चाल ऐकू आली. कचेरीत दोघं एकदम म्हणायचे, तेव्हा कधी कळलं नव्हतं. आता भरल्या खोलीत एकट्याचा आवाज चालला होता, आणि तो सरळ तिसरी ‘ब’मधून येत होता. तोच चढ, तीच गिरकी, शेवटाला तोच झटका. एकोणतीस एके एकोणतीस. बकुळाला कळलं होतं. घोडपदेवमध्ये फक्त बकुळाला कळलं होतं आणि आपण तिला हसलो.

सुमैयाला मात्र चाल फार आवडली. तिने मांडीवर हात मारला आणि हुबेहूब त्याच गिरकीत आयत परत म्हटली. आजोबा दुसरी म्हणाले, तिने दुसरी म्हटली, आणखी जोरात. एका मावशीने तोंडात ओढणी कोंबली. दोन मुलं उघड हसली. गंगाधरने ओठ हलवून ‘हळू, हळू’ असं सांगायचा प्रयत्न केला, पण उस्मानचे डोळे मिटलेले. पाचवी आयत संपली तेव्हा खोलीत अशी शांतता पसरली की खालच्या भंगारवाल्याची आरोळी ऐकू आली.

मौलानांनी चष्मा काढून पुसला. “चाचा, माशाल्ला. हर्फ एकदम साफ. एकही चूक नाही.” मग तो परत चढवून म्हणाले, “चाल मात्र ओळखीची वाटते. मी पण म्युनिसिपालटीच्या शाळेत होतो. उस्ताद कोण तुमचे?”

उस्मानने त्यांचे ओठ वाचले आणि गंगाधरकडे पाहिलं. त्याच्यामागोमाग पन्नास जणांनी पाहिलं. गंगाधरने तोंड उघडलं; काहीतरी थाप मारायची होती. पण जन्मभर त्याने दुसऱ्यांचीच वाक्यं सुधारली होती, स्वतःचं एक रचायची वेळ आली तर जीभ उचलेना.

तेवढ्यात सुमैयाने आजोबांची बाही ओढली. “दादा, आता पुस्तकात दाखवा ना. आपण म्हटलं ते कुठे लिहिलंय?”

उस्मानने कुराण उघडलं. रिबीन होती तिथेच. बेचाळीस वर्षांच्या सवयीने बोट ओळीवर गेलं. शेजारी तिचं छोटंसं बोट येऊन थांबलं, त्याच्या बोटाची वाट बघत. कुठेही टेकवलं असतं तरी पोरीला काय कळणार होतं? मौलानाही सभ्यपणे दुसरीकडे बघत होते. गंगाधरला वाटलं, टेकव रे, कुठेही टेकव आणि सुट.

उस्मानने बोट उचललं.

“मला म्हायत नाय, बाळा,” तो म्हणाला. कानाने अधू माणसं बोलतात तसा मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असा. “दादाला वाचता येत नाय.”

रुबीनाच्या हातातला सरबताचा ट्रे वाजला. कोणी कोणाकडे बघेना. गंगाधरला रडू फुटेल असं वाटलं, आणि रागही आला, कोणावर ते कळेना.

“तेवढं मला ठाऊक आहे,” हलिमा म्हणाली. ती स्वयंपाकघराच्या दाराशी उभी होती, हात पदराला पुसत.

उस्मान तिचे ओठ बघत राहिला. “कधीपासून?”

“पहिल्या दिवसापासून. चहा घेऊन आले तर पान तेच. दुसऱ्या दिवशी तेच. आठ दिवस तेच.”

“मग बोलली का नायस?”

“काय बोलू? तुमी रोज उठून बसत होता. गिरणी बंद पडली तरी बसला, आई गेल्या त्या सकाळी पण बसला. बसणं तर खोटं नव्हतं ना. म्हणून तुमी बाहेर गेलात की मी तिथून पुढे वाचायची, आणि जिथवर वाचलं तिथं रिबीन ठेवायची. सकाळी तुमी तिथं बसायचात. बावीस वेळा पुरं झालं असं. दर वेळी दोघांच्या नावानं दुवा मागितली.”

“मला वाटायचं मीच सरकवतोय,” उस्मान म्हणाला.

“वाटू दिलं,” हलिमा म्हणाली.

आता मात्र मावशीने तोंडातली ओढणी काढून डोळ्यांना लावली. मौलाना म्हणाले, “चाचा, संध्याकाळी या माझ्याकडे. सुमैयाबरोबरच बसा. पहिल्या अक्षरापासून.”

“आणि चौथ्या दिवशी झाडावर चढलो तर?”

“घोडपदेवला झाड कुठे आहे?”

“मी येतो बरोबर,” गंगाधर एकदम म्हणाला. “पळाला तर धरतो. शिवाय ते ठिपके मूळ अक्षरांत कुठे बसतात ते मला एकदा डोळ्यांनी बघायचंय.” सगळे हसले तेव्हा कुठे त्याला कळलं की आपण शपथ, मुत्सद्दीपणा, सगळं घालवून बसलो.

हलिमा पुढे आली, घडवंचीपाशी गुडघ्यांवर बसली. तिने हिरवी रिबीन हळूच उचलली आणि पानं एका बाजूला घेत घेत ती पार कडेच्या पानात नेऊन ठेवली. गंगाधरने मान पुढे काढून पाहिलं. शेवटचं पान! संपवलं हिने, बेचाळीस वर्षांचं खातं बंद केलं.

“आजपासून मी नाय हात लावणार,” हलिमा उस्मानच्या समोर तोंड करून, ओठ नीट दिसतील असं, सावकाश म्हणाली. “आता तुमीच सरकवा.”

उस्मानने मान डोलावली आणि त्या पानावर बोट ठेवलं, अगदी वरच्या उजव्या कोपऱ्यात. तेव्हा गंगाधरच्या लक्षात आलं, हे पुस्तक त्या बाजूने सुरू होतं.